सही बाबांची, साचे माझे

११ फेब्रुवारी

दादा,

मी तुला एकच गोष्ट विचारली होती. परदेशातल्या विद्यापीठाला द्यायचं शिफारसपत्र साधारण किती पानांचं असतं? तू तिकडे शिकलास, तुला माहीत असणार, म्हणून. याचं उत्तर एक पान, दोन पानं असं काहीतरी यायला हवं होतं. तू थेट बाबांना फोन लावलास आणि सांगितलंस, की धाकटी बाहेर शिकायला जायचं म्हणतेय, तिला आवरा.

आवरा! मी एकतीस वर्षांची बाई आहे. उतू जाणारं दूध नाही.

बाबा तेव्हा हॉस्पिटलच्या वर्कशॉपात होते. एका गवंड्याला नवा पाय बसवून दोन दांड्यांमधून चालवून बघत होते. मी शेजारीच चामड्याचे पट्टे कापत बसले होते. त्यांनी फोन कानाला लावला, दोनदा 'हं' म्हटलं, फोन खिशात टाकला आणि गवंड्याला म्हणाले, "टाच आधी टेका. घाई नको." संध्याकाळी घरी चपला काढताना म्हणाले, "दादाचा फोन होता."

"काय म्हणाला?"

"तुला ठाऊक आहे काय म्हणाला."

प्रवेश मिळाला की ही गोष्ट मी स्वतः त्यांना सांगणार होते. कशी सांगायची, कुठून सुरुवात करायची, सगळं ठरवून ठेवलं होतं. माझ्या तोंडचा घास काढून घेतलास तू.

त्यानंतर तुझे सात फोन आले. मी घेतले नाहीत, घेणारही नाही. फोनवर तू "ऐक, ऐक, आधी माझं ऐक" म्हणतोस आणि मी ऐकत बसते. ही सवय मोडायची आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही. शिवाय ते पोचायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढ्यात तुझा राग शिळा होईल. माझा ताजा राहील, मी त्याची काळजी घेते आहे.

मेसेजमध्ये लिहितोस की माझं शिकायचं वय गेलं. तिथल्या वर्गात चाळिशीतलेही लोक असतात, मी विचारून घेतलंय. कृत्रिम हातपाय बनवण्याचं शास्त्र, पदवीनंतरची दोन वर्षं, सप्टेंबरपासून. भौतिकशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे. ती मिळाली तेव्हा तू इथे नव्हतास, म्हणून कदाचित लक्षात नसेल. पुढे शिकायचं तेव्हाच ठरलं होतं. पण आई अंथरुणाला खिळली, घरात कुणीतरी राहायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, हे कुणी न विचारताच ठरून गेलं. आई गेली तेव्हा तू सहा दिवसांसाठी आलास. मी दिवस मोजत नव्हते, तुझ्या बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर तारखा होत्या.

मग बाबांनी मला वर्कशॉपात मदतनीस म्हणून लावून घेतलं. पट्टे काप, प्लास्टर कालव, फरशी पूस. सात वर्षं झाली.

शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणार आहे, तेव्हा खर्चाचा मुद्दा काढू नकोस. तुझ्या गळ्यातही पडणार नाही. तुझ्या देशात मी अर्जच केला नाही. मुद्दाम दुसरा निवडला.

बाबांची तब्येत विचारलीस. ठीक आहे.

कुणाच्याही आवाक्यात नसलेली,
धाकटी


३ मार्च

दादा,

तू आत्याला कामाला लावलंस हे तिच्या पहिल्या वाक्यावरून कळलं. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "तीन मुद्दे आहेत." आत्याला आयुष्यात कधी मुद्दे सुचले नव्हते, तिला फक्त म्हणी सुचतात.

दुसरा मुद्दा ती विसरली. मग आपल्या वळणावर आली. "अगं, या वयात बायका मुलांचे अभ्यास घेतात, स्वतः दप्तर घेऊन हिंडत नाहीत."

मी म्हटलं, "आत्या, मी फ्रॉकात होते तेव्हापासून तुम्ही मला सांगताय, मुलगी म्हणजे परक्याचं धन. आता परक्यांकडे निघाले तर अडवताय कशाला?"

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"कुणाच्याच नसतं. मी हाडांच्याच खात्यात आहे, मला विचारा."

ती हसली. आत्या हसते आणि मग रडते, हा तिचा क्रम ठरलेला आहे. पदराने डोळे पुसत म्हणाली, "तू गेलीस की माझा भाऊ एकटा पडेल गं." हे तिचं स्वतःचं होतं, तू शिकवलेलं नव्हतं. मी आत जाऊन ओटा पुसला. तो पुसलेलाच होता.

आता एक कबुली. मागच्या पत्रात मी लिहिलं, बाबांची तब्येत ठीक आहे. खोटं लिहिलं. बाबांचे हात कापतात.

तीन वर्षं झाली. आधी कपबशी वाजायला लागली. मग एके दिवशी एका पेशंटच्या पायाला प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळताना त्यांच्या हातून ती तीनदा सुटली. पेशंटला वाटलं, पट्टीच खराब आहे. मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे मी त्यांना घेऊन गेले. ते म्हणाले, यानं माणूस मरत नाही, पण हे जातही नाही. गोळीने थोडा फरक पडतो. सकाळी जास्त कापतात, कुणी बघत असलं की त्याहून जास्त.

आमचं काम तुला नीट माहीत नाही, म्हणून सांगते. पाय कापल्यावर जो भाग उरतो, त्याच्यावर ओल्या प्लास्टरचा साचा घ्यायचा. त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतून त्या उरलेल्या पायाची हुबेहूब प्रत करायची. मग ती कानशीने घासायची. जिथे भार झेपेल तिथे घासायचं, जिथे हाड टोचेल तिथे भर घालायची. त्या प्रतीवर पायाची वाटी बनते, जिच्यात माणूस आपला पाय घालतो आणि जन्मभर उभा राहतो. कानस दोन केस जास्त फिरली की जखम. यात थरथरत्या हाताचं काय काम?

तेव्हा तीन वर्षं असं चाललंय. पेशंट आला की बाबा बोलतात, विचारतात, पाय दाबून बघतात. मग दाराकडे पाठ करून उभे राहतात, आणि त्यांच्या आडोशाला मी साचा घेते. घासतेही मीच. रजिस्टरमध्ये सही बाबांची. वाकडी, पण त्यांची. सगळे म्हणतात, म्हाताऱ्याच्या हातात अजून जादू आहे.

विद्यापीठाने अर्जाबरोबर मी स्वतः केलेली कामं मागितली होती, साच्यापासून पेशंट चालेपर्यंतच्या फोटोंसकट. मी अकरा कामं पाठवली आणि खाली माझं नाव लिहिलं. रजिस्टरमध्ये त्या अकराही कामांपुढे बाबांची सही आहे. मी त्यांचे फोटो पाठवलेत हे बाबांना माहीत नाही.

आता तुला माहीत आहे. उचल फोन, लाव त्यांना. बघू या.

धाकटी


२५ मार्च

दादा,

तू फोन लावला नाहीस. याची नोंद घेतली आहे. पण उपयोग झाला नाही, कारण फोन विद्यापीठाने लावला. म्हणजे पत्र पाठवलं, आमच्या प्रमुखांना. या बाईंनी पाठवलेली अकरा कामं त्यांचीच आहेत ना, तेवढं कळवावं.

आमच्या प्रमुखांना सगळे 'शिक्का' म्हणतात. शिक्का मारल्याशिवाय त्यांना समोरचा पाण्याचा ग्लाससुद्धा खरा वाटत नाही. माणूस वाईट नाही, पण कागद सोडून कशावर विश्वास ठेवायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

मंगळवारी दुपारी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं होतं, शेजारी माझे फोटो.

"हे अकरा पाय कुणी केले?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही मदतनीस आहात. मदतनिसाने साचा घ्यायचा नसतो."

"नसतो. पण मी घेतला."

ते बाबांकडे वळले. "ही सही कुणाची?"

बाबांनी कोटाच्या खिशातून हात काढले नाहीत. नुसते पुढे वाकले आणि बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, बोला बाबा, बोला.

"सही माझी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे काम तुमचं?"

"सही माझी आहे."

शिक्कासाहेबांनी चष्मा काढला. मला म्हणाले, "मग विद्यापीठाला तुम्ही खोटं लिहिलंत."

मी बाबांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या आगीच्या सूचना वाचत होते. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये.

शिक्कासाहेबांनी विद्यापीठाला कळवलं, की या कामांची खात्री देता येत नाही. तिकडून उत्तर आलं: तीस एप्रिलपर्यंत खात्रीलायक पुरावा द्यावा, नाहीतर अर्ज बंद.

त्या दिवशी आम्ही एकाच बसने घरी आलो. ते पुढे बसले, मी मागे. स्टॉप आला तेव्हा ते माझ्यासाठी थांबले नाहीत, आणि थांबले असते तरी मी त्यांच्याबरोबर चालले नसते.

मी घरात स्वयंपाक करते. त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते. बोलत मात्र नाही.

धाकटी


१२ एप्रिल

दादा,

तुझा मेसेज मिळाला. "झालं ते एका परीने बरंच झालं. आता बाबांना आणखी धक्का नको. ते निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं कळ काढ, मग बघू."

हा मेसेज मी चार वेळा वाचला, आणि मग जी फरशी मी सात वर्षं पुसली त्या फरशीवर बसून मोठ्याने हसले. दोन वर्षं कळ काढ! तू जाताना आईला म्हणाला होतास, दोन वर्षांत येतो. मी दाराशीच उभी होते. आईने ती दोन वर्षं मरेपर्यंत काढली.

तू गेलास तेव्हा सगळे म्हणाले, मुलगा हुशार. मी निघाले तर म्हणतात, मुलगी स्वार्थी. तू जितका लांब आहेस तितकीच लांब मी जाणार आहे आणि तुला जो शब्द मिळाला तोच मलाही हवा आहे. नाहीतर मग दोघांनाही स्वार्थी म्हणा, माझी हरकत नाही.

पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, ती आता लिहून टाकते, नाहीतर मी फार साधी-भोळी दिसेन.

सही तुम्ही करा, काम मी करते, हे बाबांनी सुचवलं नव्हतं. मी सुचवलं. डॉक्टरांकडून आल्यावर ते म्हणाले होते, "उद्या जाऊन राजीनामा देतो." मीच म्हटलं, "कशाला? मी आहे ना." त्यांना वाटलं, लेक बापाची लाज राखते आहे. खरं तर तो राजीनामा गेला असता तर मला जन्मभर पट्टे कापावे लागले असते. त्यांच्या आडोशाला मला साचे मिळाले. मला ते काम इतकं आवडतं दादा, की त्यासाठी मी माझ्या बापाला तीन वर्षं खोटं वागू दिलं. तेव्हा केबिनमध्ये ते गप्प बसले, त्यात माझाही वाटा आहे. राग त्यामुळे कमी होत नाही. उलट कुठे ठेवायचा ते कळत नाही.

आता पुढचं ऐक. मागच्या आठवड्यात टपालवाली आली. ही आमची जुनी पेशंट. गुडघ्याखाली पाय नाही, तरी सगळी पेठ पायी फिरून पत्रं वाटते. तुला लिहिलेली ही पत्रंही तीच नेते. अकरा कामांतलं तिसरं काम म्हणजे तिचा पाय. तो आता झिजला होता, नवा करायचा होता. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. आल्या आल्या काठी आपटून म्हणाली, "कुठे उभं राहून सांगायचं ते सांग. माझा पाय तुझ्या हातचा आहे. तुझे वडील तेव्हा दाराकडे पाठ करून नुसते उभे होते, मी काय आंधळी आहे? पाय नाही मला, डोळे आहेत."

तिला तशीच घेऊन मी शिक्कासाहेबांकडे गेले. म्हटलं, "कागदावर विश्वास आहे तुमचा, माणसावर नाही. ठीक. हाताची परीक्षा घ्या. यांचा साचा मला तुमच्यासमोर घेऊ द्या."

ते म्हणाले, नियमात बसत नाही. मग ज्यांनी मला शिफारस दिली होती, त्या हाडांच्या डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. मी त्यांच्याबरोबर उभी राहते म्हणाल्या. शेवटी ठरलं: अठरा तारखेला सकाळी दहा वाजता टपालवालीचा साचा बाबांनीही घ्यायचा आणि मीही. साच्यावरून हात ओळखू येतो. अकरा जुन्या प्रती कपाटात आहेत, त्यांच्याशी ताडून बघायचे.

म्हणजे मी चारचौघांत बापाच्या विरुद्ध बसणार.

घरी येऊन बाबांना सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "अठराला, दहा वाजता. तुम्हालाही यायचंय."

"कळलंय मला," ते म्हणाले आणि ताटावरचं झाकण काढलं.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणूनच आज टाकते आहे.

धाकटी


१८ एप्रिल, दुपार

दादा,

झालं. जसं झालं तसं लिहिते.

बाबा सकाळी माझ्याआधी निघून गेले. मी पोचले तेव्हा ते कोट काढून, बाह्या दुमडून स्टुलावर बसले होते. कोट काढलेला! तीन वर्षांत मी त्यांना वर्कशॉपात कोटाशिवाय पाहिलं नव्हतं, कारण खिसे कोटाला होते. समोर टपालवाली पाय पुढे करून बसलेली. बाजूला शिक्कासाहेब, डॉक्टरीणबाई आणि दाराशी जमलेलं अर्धं वर्कशॉप.

मला वाटलं, त्यांनी गोळ्या जास्त घेतल्या असणार. निभावून न्यायला आलेत. मी मनातून त्यांच्यावर पाणी सोडलं.

त्यांनी पायावर ओला मोजा चढवला आणि जांभळी पेन्सिल उचलली. हाडाच्या जागांवर त्या पेन्सिलीने खुणा करतात. पेन्सिल मोज्याला लागायच्या आधीच हवेत नाचायला लागली. गुडघ्याच्या वाटीखाली त्यांना एक सरळ रेघ काढायची होती, ती तीन ठिकाणी मोडली. मी पुढे झाले. सवयच ती. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "तू थांब."

मग पट्टी. त्यांनी ती पाण्यात बुडवली, पिळली आणि गुंडाळायला घेतली. पहिला वेढा सुटला. दुसरा पडला, पण चुण्यांसकट. प्लास्टर त्यांच्या मनगटांवरून ओघळून कोपरापर्यंत आलं. मला बघवेना. टपालवालीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग बाबांच्या डोक्यावर हात ठेवावा तशा आवाजात म्हणाली, "सावकाश होऊ दे. पत्रं आज उशिरा गेली तरी चालतील."

त्यांनी सोडलं नाही. एकेक वेढा घेत शेवटपर्यंत गेले. एरवी पाच मिनिटांचं काम, पंचवीस मिनिटं लागली. सुकल्यावर साचा उतरवला, दोन्ही हातांत धरून शिक्कासाहेबांपुढे केला. साचाही थरथरत होता.

"बघा," ते म्हणाले. "आत हात घालून बघा. सगळ्या चुण्या आहेत. याच्यावर पाय केला तर बाईंना आठ दिवसांत जखम होईल. हा टाकून द्यायचा."

शिक्कासाहेबांनी खरंच आत हात घातला.

"तीन वर्षं माझे हात हे असे आहेत. त्यानंतरचं कपाटातलं एकही काम माझं नाही. सही माझी, काम तिचं. त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं." मग ते उठले, स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस. पाणी थंड झालंय, दुसरं घे."

मी बसले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला साचा होता की नाही, सांगता येणार नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. हात मात्र दिसण्याची वाट बघत नाहीत. सहा मिनिटांत झाला. डॉक्टरीणबाईंनी जुनी तिसऱ्या क्रमांकाची प्रत कपाटातून काढून शेजारी ठेवली. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

बसमध्ये आज आम्ही एका बाकावर बसलो. मी विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू जाणार. हात तर गेलेच. म्हटलं, सही तरी राहील."

मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी आज माफी मागायला बसलो नव्हतो. जे तुझं होतं, ते तुला दिलं. तुझ्यावर रागही आहे माझा. मला न विचारता पाठवलंस."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"हं," ते म्हणाले. गवंड्याला चालवताना तुझ्या फोनवर म्हटला होता, तोच 'हं' होता तो.

धाकटी


१४ जून

दादा,

तुझ्या तीन मेसेजांना एकत्र उत्तर.

शिक्कासाहेबांनी विद्यापीठाला जे पत्र पाठवलं त्याची प्रत मी जपून ठेवली आहे. "सदर अकरा कामे सदर मदतनीस यांनी नियमबाह्यरीत्या, परंतु स्वहस्ते केलेली आहेत." खाली दोन शिक्के. विद्यापीठाला 'स्वहस्ते' एवढंच हवं होतं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट.

'नियमबाह्य' इथे राहिलं, आणि ते आमच्या वाट्याला आलं. बाबांना तब्येतीच्या कारणावरून मुदतीआधी निवृत्त केलं. निरोप-समारंभ नाही. मला कामावरून काढलं. अकराही पेशंटांना बोलावून डॉक्टरीणबाईंनी तपासलं. एकालाही जखम नाही. गवंड्याची एकच तक्रार होती, नव्या पायाचा रंग त्याच्यापेक्षा गोरा झालाय. काढण्याआधी टपालवालीचा पाय पुरा करू द्या, एवढं मी मागून घेतलं. ते चार दिवस बाबा रोज आले, माझ्या बाजूला उभे राहिले आणि हात उघडे टाकून कुठे किती घासायचं ते सांगत राहिले. "अजून. अजून. बस." रजिस्टरमध्ये सही डॉक्टरीणबाईंची.

तू विचारतोस, हे सगळं करून काय मिळवलंस, बाबांची नोकरी घालवलीस. होय, घालवली. त्यांची, आणि माझीही. मला याचं वाईट वाटत नाही असं मी लिहिणार नाही. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन, फक्त त्यांना आधी विचारून. आणि त्यांनी नाही म्हटलं तर भांडून.

बाबांना तुझ्याकडे नेतोस म्हणालास. मी त्यांना निरोप जसाच्या तसा दिला. म्हणाले, "मी काय पार्सल आहे?" उत्तर तेवढंच.

व्हिसाच्या कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, शिक्षण झाल्यावर परत येणार का? मी म्हटलं, व्हिसा दोन वर्षांचा आहे, तो मोडणार नाही. पण बाबांना मी असं काही सांगितलेलं नाही. त्यांना दोन वर्षांचं वचन देऊन मी निघणार नाही. एकाने दिलेलं अजून शिल्लक आहे घरात.

धाकटी


२९ ऑगस्ट

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुझ्या खोलीत टेबलावर ठेवून जाते.

तू दोन तारखेला येतोयस, तीन आठवड्यांसाठी. तुझ्या मेसेजमध्ये पहिल्यांदाच एकही मुद्दा नव्हता, फक्त विमानाची वेळ. वाचून बरं वाटलं. आत्या म्हणते, तीन-चार दिवस थांब, भाऊ-बहिणीची भेट होईल. तिथली नोंदणी एक तारखेला बंद होते. मी उद्या निघते आहे. तुझ्यासाठी थांबत नाही, यात मनात काही किंतु नाही. माझा दिवस ठरलेला आहे, एवढंच.

घराची किल्ली खालच्या शिंपीणकाकूंकडे. गॅसचं बटण उलटं फिरतं. बुधवारी मी फोन करीन बाबांना, रविवार तुझा. तू गेल्यावरही रविवार तुझाच राहील. मी वाटणी केली आहे, आवडली नाही तर बुधवार घे.

आता महत्त्वाचं. सकाळी बाबांना शर्टाची बटणं लावायला दहा-बारा मिनिटं लागतात. तुला बघवणार नाही. तू उठशील, म्हणशील, "द्या, मी लावतो." नको लावूस. मी तीन वर्षं पुढे होत राहिले, आणि त्यामुळे झालं काय, तर त्यांना स्वतःचे हात लपवायची गोष्ट वाटायला लागले. समोर बस. फोन बाजूला ठेव. इकडेतिकडे बघू नकोस, हातांकडेच बघ. बटणं लावताना ते बोलतात. एरवी गप्प असतात, पण त्या दहा मिनिटांत बोलतात. परवा तिसऱ्या बटणाशी थांबून मला म्हणाले, "तू गेलीस की मला करमणार नाही. पण तू राहिली असतीस तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती." मी म्हटलं, "मग ठीक आहे." ते म्हणाले, "ठीक नाही. पण जा." आणि चौथं बटण लावलं.

मला तुझ्यावरचा राग अजून आहे. निम्मा बॅगेत भरला, निम्मा राहिला, वजन जास्त होत होतं. तुला भेटायचंही आहे. तुझ्या गावाहून माझ्या गावाला विमानाने तीन तास लागतात, मग आगगाडीने एक. माझ्याकडे एकच खोली आहे, एकच खुर्ची. तू खुर्चीत बस, मी पलंगावर बसेन. मला तिकडे बोलावू नकोस. तुझ्या पत्त्यावर मी सहा पत्रं पाठवली. आता यायचं ते तू.

धाकटी